युरियाच्या लायनीतला चे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी लाइक ठोकून पुढं सरकावं, मी मनावर घेणार नाही.

सकाळी सहापासून युरियाच्या लायनीत उभा होतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुढची गोणी मिळायची नाही. गोणी 266 रुपयांची, पण सोबत नॅनो युरियाची बाटली घ्या, नाहीतर "स्टॉक संपला भाऊ". पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडत चाललीय म्हणून माणसं मुकाट बाटली घेतात. माझ्यापुढे आमच्याच गावचं एक पोट्टं होतं, एकोणीस-वीसचं. अंगात काळा टीशर्ट, परतवाड्याच्या बाजारातला, दोनशेवाला. छातीवर क्रांतिकारक चे गेव्हारा. तोच तो टोपीवरचा तारा, तीच दूर कुठंतरी लागलेली नजर.

मागून एक रिटायर्ड मास्तर गरजले, "काय रे, नक्षलवाद्याचा फोटो घेऊन फिरतो? काढ तो शर्ट."

पोट्टं गांगरलं. म्हणे, "सर, हा सिंगर हाय ना?"

सगळी लायन हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण मग मास्तरांनी मोबाईल काढला आणि एक फॉरवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. कसाई, माथेफिरू, देशद्रोही. देशद्रोही? अर्जेंटिनात जन्मलेला माणूस, क्युबात लढलेला, बोलिव्हियात मेलेला, त्यानं कोणत्या देशाचा द्रोह केला हो मास्तर? गंमत म्हणजे ती जबरदस्तीची, लिंकिंगची बाटली मास्तरांनीच सगळ्यात आधी घेतली, एक शब्द न बोलता. हिंमत सगळी पोट्ट्याच्या शर्टावर खर्च झाली होती.

घरी येऊन फेसबुक उघडलं तर एका जुन्या कॉम्रेड मित्राने तोच फोटो टाकलेला. खाली "चे अमर आहे" आणि लाल झेंडे. मी साधं विचारलं, क्युबातल्या ला कबान्याच्या किल्ल्यात 1959 मध्ये चेच्या हुकमाखाली जे गोळ्या घालणं चाललं होतं त्याचं काय? तर म्हणतो, प्रतिक्रांतीची भाषा बोलू नकोस. झालं. एका दिवसात मी मास्तरांसाठी नक्षलवादी आणि मित्रासाठी प्रतिक्रांतिकारक.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. काहींनी ऐकली असेल, अर्धी.

आमचे बाबा लाल बावट्याचे. सुदामकाका देशमुखांच्या सभेला सायकलने जायचे, चिवडा खिशात घेऊन. आजच्या पोरांना वाटतं कम्युनिस्ट म्हणजे केरळ. अरे, 1989 ला आपल्या अमरावतीने कम्युनिस्ट खासदार दिल्लीला पाठवला. 1991 ला वर्ध्याने कॉम्रेड रामचंद्र घंगारेंना पाठवलं. कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन 1957 लाच नागपुरातून आमदार झाले होते. असो. तर घरात भिंतीवर कुठल्याशा मासिकातून कापलेला चे होता, तुकडोजी महाराजांच्या बाजूला. माय दोघांनाही उदबत्ती ओवाळायची. बाबा आधी चिडायचे, नंतर चिडणं सोडलं.

मी सात वर्षांचा असेन. पोळ्यानंतरची एक रात्र. बाबा आणि पाच-सहा जण सावकाराच्या वाड्यात शिरले आणि लाल कापडात बांधलेल्या वह्या उचलून आणल्या. 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांचे कागद जाळले होते, ते बाबांच्या डोक्यात होतं. मारुतीच्या पारासमोर वह्या पेटवल्या. जाड बांधणीची वही लवकर जळत नाही, काठीनं पानं सुटी करावी लागतात. ती काठी बाबांच्या हातात होती. मी त्यांच्या खांद्यावर. डफडं वाजत होतं. इतकी खुश माणसं मी त्या गावात पुन्हा पाहिली नाहीत.

सकाळी बुढीमाय आली. पलीकडच्या गल्लीतली, एकटी, निंदणाला जाणारी. तिचे हातातले चांदीचे गोट सावकाराकडे गहाण होते. फेडत फेडत आणलं होतं, चाळीसच रुपये उरले होते. ते घेऊन ती भल्या सकाळी वाड्यावर गेली, तर सावकार म्हणे, वहीच जळाली बाई, आता कोणाचे गोट न् काय, मले काय ठाऊक. बाबा धावत गेले, आरडाओरडा केला, सावकाराची गचांडी धरली. तो हसत होता. कागद नाही.

बुढीमाय ओट्यावर बसून होती. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबू, जाळाच्या आंधी मले एकडाव इचारलं असतं तं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चेचा विषय निघाला की मला तो किल्ला आठवत नाही, ही बाई आठवते.

कारण बघा ना, बोलिव्हियात काय झालं? 1966 ला हा माणूस मंत्रिपद सोडून, बायकापोरं सोडून, दम्याची औषधं घेऊन तिथल्या जंगलात गेला. शेतकऱ्यांना मुक्त करायला. सोबतचे लोक केचुआ भाषा शिकत बसले आणि त्या भागातले लोक बोलायचे ग्वारानी! म्हणजे वऱ्हाडात लढायचं म्हणून कोणी रात्र रात्र जागून कन्नड शिकावं, तसलं. शिवाय बोलिव्हियात 1953 लाच जमीन वाटपाचा कायदा झाला होता, शेतकऱ्याच्या हाती थोडंफार वावर आलं होतं. त्याला कशाला हवी होती बंदूक? अकरा महिन्यांत एकही शेतकरी येऊन मिळाला नाही. शेवटी सैन्याला खबर दिली ती एका शेतकऱ्यानेच. 8 ऑक्टोबर 1967 ला धरला, दुसऱ्या दिवशी ला इगेरा नावाच्या खेड्यातल्या शाळेत मारला. नंतर ओळख पटवायला हात कापून घेतले.

इचारलं असतं तं.

आता मास्तरांचा मुद्दा. हो, माणसं मारली त्यानं. मी नाकारत नाही, तोही नाकारत नव्हता. 1964 ला संयुक्त राष्ट्रांत उभा राहून सरळ बोलला की आम्ही गोळ्या घातल्या आहेत, घालतो आहोत आणि गरज असेल तोवर घालू. आणि किल्ल्याच्याही आधीची गोष्ट आहे, 1957 ची, क्युबाच्या डोंगरातली. यूतिमियो ग्वेरा म्हणून वाटाड्या होता, साधा शेतकरी. सैन्याला फितूर झाला. त्याला मारायला कोणी पुढं होईना, तेव्हा चेनं स्वतः पिस्तूल लावलं आणि गोळी कुठून शिरली ते डायरीत लिहून ठेवलं, डॉक्टर केसपेपरवर लिहितो तसं. त्या शेतकऱ्यानं मरताना एवढंच मागितलं होतं की माझ्या पोरांकडे लक्ष द्या.

हे वाचलं तेव्हा मला गडचिरोली आठवली. रात्री घरातून उठवून नेलेला आदिवासी, सकाळी रस्त्यावर, बाजूला पत्रक, "पोलिसांचा खबऱ्या". कॉम्रेड मित्रा, तू यावर कधी पोस्ट टाकली नाहीस. मी वाट पाहिली. मेलेला माणूस भूमिहीन असला तरी तुझा झेंडा अर्ध्यावर येत नाही, मग तुझं ते अमर कसलं अमर?

थांबतो जरा. चहा घेऊन येतो.

...

आलो. थोडा राग उतरला, तर दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर मास्तर ही पोस्ट ग्रुपवर फिरवतील.

1952 ला, डॉक्टरकी पूर्ण व्हायच्या आधी, हा पोरगा मित्रासोबत फिरत फिरत पेरूमधल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन राहिला. हातमोजे न घालता त्यांच्याशी हात मिळवायचा, त्यांच्यासोबत फुटबॉल खेळायचा. आपण तपोवन आणि आनंदवनच्या मुलखातली माणसं. महारोग्याच्या हाताला हात लावणं ही त्या काळात काय चीज होती, ते आपल्याला कोणी पुस्तकातून सांगायला नको. पुढे उद्योगमंत्री झाला तरी रविवारी ऊस तोडायला जायचा. फोटोपुरता नाही, खरंच. आपल्याकडे मंत्री बांधावर येतो तेव्हा आधी चप्पल कोण धरणार ते ठरतं.

आणि त्या शेवटच्या शाळेची गोष्ट. मातीची शाळा. तिथली तरुण मास्तरीण त्याला बघायला गेली. ती पुढे सांगायची की हात बांधलेला, जखमी असा तो माणूस तिच्याशी शाळेच्या अवस्थेवर बोलला, असल्या खोलीत पोरांनी शिकावं हे बरोबर नाही म्हणाला. मरायला काही तास उरलेत आणि याला वर्गाची पडझड दिसते! आमच्या जिल्हा परिषद शाळेचं छप्पर गेल्या पावसाळ्यात उडालं. तेच रिटायर्ड मास्तर तिथं वीस वर्षं होते. एक अर्ज केला नाही.

मला कोणी म्हणेल, शाळेची काळजी करणारा माणूस गोळ्या घालायचा तेव्हा काय? बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

पण एक सांगतो. ज्यांनी आयुष्यात सावकाराच्या वाड्याची पायरी फक्त कर्ज मागायला चढली, त्यांनी बाबांना शिव्या देऊ नयेत. त्या वह्यांमध्ये चाळीस-पन्नास घरांचं नरडं अडकलं होतं. ती घरं सुटली, हे खरंच आहे. बुढीमाय बुडाली, हेही खरंच आहे. बाबांनी हे दोन्ही एकमेकांत वजा करायचा प्रयत्न कधी केला नाही. पार्टीच्या सभेत त्या रात्रीची गोष्ट निघाली, लोक टाळ्या वाजवू लागले की बाबा उठून बाहेर बिडी ओढायला जायचे. दर दिवाळीला बुढीमायला लुगडं न्यायचे. ती घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दोरीवर घडी घालून टाकून जायची. अकरा दिवाळ्या. बाराव्या वर्षी ती नव्हती.

चेचा फोटो मात्र बाबांनी काढला नाही. मी कॉलेजात गेल्यावर, वाचून शहाणा होऊन, एकदा म्हटलं, बाबा, हा माणूस असा असा होता, उतरवा आता. ते म्हणाले, "मंग मलेही उतरव."

ज्या ला इगेरात त्याला गोळी घातली, तिथं आज काही लोक त्याला संत म्हणतात, मेणबत्ती लावून नवस बोलतात. मायची उदबत्ती आठवते. आणि कोर्दा नावाच्या फोटोग्राफरने 5 मार्च 1960 ला एका शोकसभेत टिपलेला तो चेहरा परतवाड्यात हातगाडीवर लटकतोय, बाजूला पबजीचे शर्ट. मला त्याचा राग येत नाही आता. पोट्ट्याला सिंगर वाटला, वाटू दे. राग येतो तो त्याला काहीही न सांगता शर्ट काढ म्हणणाऱ्यांचा आणि काहीही न सांगता शर्ट विकणाऱ्यांचा. आणि हो मित्रा, तुझाही.

आत्ता सात वाजता ते पोट्टं घरी आलं. त्याला गोणी मिळाली नव्हती, माझ्याकडे अर्धी उधार मागायला आलं. जाताना शर्टाकडे बोट दाखवून म्हणे, "काका, खरं सांगा, हा कोण व्हय?"

बसवलं ओट्यावर. चेपासून सुरुवात करायची म्हणून तोंड उघडलं आणि बुढीमायचीच गोष्ट सांगत गेलो. वह्या, डफडं, काठी, चाळीस रुपये. मग दमा, डोंगर, यूतिमियो, ती शाळा. पोट्टं ऐकत होतं, मधूनच मोबाईल बघत होतं. सगळं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"मंग काका, तिचे गोट भेटले काय?"

नाही भेटले, म्हटलं. तो "हां" म्हणाला, अर्धी गोणी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि गेला.