झुल्यावर माणूस सोडायच्या आधी ड्रोन वर जाऊ द्या

आज सकाळी मुलुंडच्या एका सोसायटीत बाहेरच्या भिंती तपासायला चौदा मजल्यांच्या गच्चीवरून एक माणूस झुल्यावर खाली सोडला. झुला म्हणजे दीड-दोन फुटांची फळी आणि दोर, बस. दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेला, कठड्यावर घासू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी. बसायचा दोर आणि जीव वाचवायचा दोर एकच. हातात छोटी हातोडी. भिंतीवर ठोकायचं, आवाज ऐकायचा, पोकळ वाजलं की खडूने गोल काढायचा, मग दोन फूट खाली. नवव्या मजल्याच्या छज्जाशी ठोकल्यावर परातीएवढा प्लास्टरचा तुकडा सुटला, त्याच्या गुडघ्याला घासून गेला आणि खाली पार्किंगच्या पत्र्यावर आदळला. त्याने वरून हात हलवला, ठीक आहे म्हणून, आणि पुन्हा ठोकायला लागला.

आणि ड्रोन? हेच काम करायला आणलेला तो खाली वॉचमनच्या केबिनमध्ये पेटीत बंद होता. सहा बॅटऱ्या चार्ज केलेल्या, परवानगीचे कागद पेटीवरच ठेवलेले.

उडाला का नाही, तर आदल्या रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हे लोक आमच्या बेडरूमचं शूटिंग करणार." झालं. धडाधड मेसेज, कमिटी घाबरली, सेक्रेटरींनी बाराच्या आत "ड्रोन रद्द, जुन्या पद्धतीने करा" असं टाकून दिलं. जुनी पद्धत म्हणजे तो माणूस. त्याच्या बाजूने ग्रुपवर एकही ओळ नव्हती, कारण तो ग्रुपमध्ये नाही.

मला याचा मनस्वी राग आलाय आणि तो लपवायचा नाही.

मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावंच लागतं, महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब आहे त्यासाठी. या शहरात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकीच्या चारही भिंती आणि डक्ट (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्या) कुणीतरी जवळून बघायला हवेत. गच्चीतून वाकून किंवा खालून दुर्बिणीने बघितलेलं ऑडिट हे ऑडिटच नाही. मग उरतात तीन रस्ते: बांबूची परांची, झुला, नाहीतर ड्रोन. फक्त बघण्यासाठी परांची बांधणं कुठल्याच सोसायटीला परवडत नाही. म्हणजे निवड झुला की ड्रोन एवढीच.

आता आकडे घ्या, म्हणजे मी नुसता आरडाओरडा करतोय असं वाटायला नको. एक इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा भिंतीपासून ५ मीटरवर धरला तर एका फोटोत साधारण साडेसात मीटर रुंद आणि पाच मीटर उंच भिंत मावते. एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.४ मिमी. उभ्या पट्ट्यांत उडायचं, दर दीड मीटरला थांबून एक फोटो, म्हणजे वरच्या-खालच्या फोटोत ७० टक्के भाग सामाईक राहतो. शेजारची पट्टी ३ मीटर सरकून. ४२ मीटर उंच, २० मीटर रुंद भिंतीला सात पट्ट्या आणि दोनशेच्या आसपास फोटो. फोटोमागे पाच सेकंद धरले तर १७ मिनिटं. बॅटरीवर ३० मिनिटं छापलेलं असलं तरी कामाची २० च धरायची आणि ३० टक्क्यांवर उतरवायचं. म्हणजे एका बाजूला एक बॅटरी, चार बाजूंना चार, दोन राखीव. सकाळी सातला सुरू केलं तर नाश्त्यापर्यंत काम संपतं. आज तो माणूस एक वाजेपर्यंत एकाच बाजूच्या अर्ध्यात होता.

हो, मान्य, ड्रोनला भिंत ठोकता येत नाही. पोकळ प्लास्टर फोटोत नेहमी दिसत नाही, आणि केसाएवढी बारीक चीर १.४ मिमीच्या पिक्सेलमध्ये सापडत नाही, त्याला तिप्पट झूमची लेन्स लावून पुन्हा जावं लागतं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर काढणं या काँक्रीटच्या चाचण्या सगळ्या हातानेच. पण फुगलेलं प्लास्टर, उघडी पडून गंजलेली सळई, छज्जाखालचे पापुद्रे, पाइपाच्या जोडाशी उगवलेला पिंपळ, ओल उतरल्याचे डाग, हे सगळं ड्रोन दाखवतो. मग झुला सोडायचा तो त्या दहा-बारा जागांसाठी. संपूर्ण भिंतीवर माणूस फिरवायचा नाही, आणि कुठलं प्लास्टर सुटायला आलंय हे त्याला आधी माहीत असतं. नववा मजला फोटोत दिसला असता. त्या छज्जाचा फुगवटा सकाळच्या तिरक्या उन्हात खालूनसुद्धा कळत होता!

(फुगवटा शोधायचा तर ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा उडवा. समोरून ऊन पडलं की सगळी भिंत सपाट दिसते. थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणारा, कॅमेरा असेल तर सुटलेलं प्लास्टर उन्हात आजूबाजूपेक्षा लवकर तापतं, आणि ओलीची जागा थंड दिसते, पावसाळा संपल्या संपल्या तर फारच स्पष्ट. काच आणि चकचकीत टाइल्सवर मात्र थर्मलचा भरवसा धरू नका, ते समोरच्या इमारतीचं आणि आभाळाचं प्रतिबिंब दाखवतं.)

इथे ड्रोनवाल्यांनाही चार शब्द सुनवायचे आहेत. लोक घाबरतात ते उगाच नाही. लग्नाच्या मांडवावर, पाचशे डोक्यांवरून, ना नोंदणी, ना विमा, ना प्रमाणपत्र असलेले पोरगे ड्रोन फिरवतात. ड्रोन नियम २०२१ काय सांगतात ते त्यांनी वाचलेलं नसतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. पैसे घेऊन काम करायचं तर मायक्रोलाही रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं: वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. एकदा मिळालं की १० वर्षं चालतं. ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा, नॅनो सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी विमा हवा. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत.

मुंबईत त्यावर आणखी एक थर आहे. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशात विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किमी पिवळं, जमिनीपासूनच परवानगी. ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवं, म्हणजे परवानगी नको, त्याच्या वर पिवळं. आजची इमारत याच पट्ट्यातली, टाकीसकट १६० फुटांच्या आत, म्हणजे नकाशाची अडचण नव्हती. पण नकाशा हिरवा असला तरी मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. ते २५० ग्रॅमच्या खेळण्यालाही लागू. त्यामुळे पोलिसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आजच्या टीमने हे सगळं केलं होतं. सगळं! आणि एका मेसेजने ते केबिनमध्ये पडून राहिलं.

भिंतीजवळ उडवताना ड्रोन का आपटतो, तेही सांगतो, कारण "ड्रोन आमच्या खिडकीत घुसला तर?" हाही प्रश्न ग्रुपवर होता आणि तो रास्त आहे. भिंतीने अर्धं आभाळ झाकलं जातं, जीपीएसचे उपग्रह कमी होतात, उरलेल्यांचे सिग्नल समोरच्या टॉवरवर आपटून येतात. ड्रोनला वाटतं आपण सरकलो, तो स्वतःला "सुधारतो" आणि थेट गॅलरीत. किंवा जीपीएस पूर्ण सोडतो आणि वाऱ्याबरोबर वाहत जातो, तेव्हा हातानेच सावरावा लागतो. हा सराव नसलेल्या माणसाला भिंतीजवळ उभंही करू नका. पुढचे सेन्सर काच ओळखत नाहीत, कपड्यांची दोरी ओळखत नाहीत, केबलवाल्याने दोन इमारतींमध्ये ओढलेली वायर तर अजिबात नाही. कंपास कधीही गच्चीच्या स्लॅबवर कॅलिब्रेट करायचा (दिशा जुळवून घ्यायचा) नाही, खाली सळ्यांचं जाळं असतं. मोकळ्या मैदानात, गाड्यांपासून लांब करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: सिग्नल तुटला तर "घरी परत ये" हे सेटिंग भिंतीच्या कामात बदला. परत येताना ड्रोन आधी सरळ वर चढतो आणि डोक्यावरच्या छज्जाला धडकतो. त्याला जागच्या जागी थांबायला सांगा, पायलट चार पावलं पुढे आला की सिग्नल परत मिळतो.

वेळ सकाळचीच. दुपारकडे समुद्राचा वारा सुटतो आणि इमारतीच्या कोपऱ्यावर, दोन टॉवरांच्या फटीत तो जोर धरतो. घारींचं घरटं जवळ असेल तर हिवाळा ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्या अंगावर येतात. आली की पळायचं नाही, सरळ वर चढवायचा, घारीला तसं उभं चढता येत नाही. संक्रांतीच्या आसपास मांजा. वरळी-मरीन ड्राइव्हच्या बाजूला काम केलंत तर घरी येऊन गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने मोटारी आणि गिंबल (कॅमेऱ्याची हलती बैठक) पुसून घ्या, खारी हवा बेअरिंग खाते. पंख्याच्या कडेवरून नख फिरवा, अडकलं तर पंखा फेकून द्या. बॅटऱ्या काम संपल्यावर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण ४.२ वर आठवडाभर ठेवल्या तर फुगू शकतात. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

एवढं लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण दुपारचं एक दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. रात्री तो पहिला मेसेज टाकणाऱ्या बाई सहाव्या मजल्यावर राहतात. झुला त्यांच्या खिडकीशी आला तेव्हा त्यांनी ग्रिलमधून हात बाहेर काढून त्या माणसाला पाण्याचा तांब्या दिला. तो एका हाताने दोर धरून प्यायला. त्या बघत होत्या, त्याचा गुडघा, त्याची फळी, खाली सहा मजले. नंतर लिफ्टपाशी सेक्रेटरींना त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला आधी नीट सांगितलं असतं तर मी कशाला नाही म्हटलं असतं? घरात सून बाळंतीण आहे, रात्री दहाला कळतं की उद्या खिडकीसमोर कॅमेरा येणार."

त्यांचं चुकलं नाही. घराच्या खिडकीसमोर कॅमेरा येणार असेल तर विचारायचा हक्क आहेच, आणि ते उत्तर देणं ऑडिटवाल्यांचं आणि कमिटीचं काम होतं. कुणीच केलं नाही. पोलिसांना पत्र दिलं, सहाव्या मजल्याला दिलं नाही.

सेक्रेटरींनी विचारलं, मग काय लिहायचं बोर्डावर? उरलेल्या तीन बाजू पुढच्या रविवारी ड्रोनने करायच्या ठरल्या आहेत, म्हणून हा मजकूर त्यांना दिला. तुमच्या सोसायटीतही लावा, निदान तीन दिवस आधी, लिफ्टमध्ये आणि ग्रुपवर दोन्हीकडे:

"रविवारी सकाळी ७ ते ९.३० या वेळेत इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची ड्रोनने पाहणी होईल. पूर्व बाजू ७ ते ७.३०, उत्तर ७.४५ ते ८.१५, पश्चिम ८.३० ते ९. आपल्या बाजूच्या वेळेत पडदे ओढून घ्यावेत. गॅलरीतले कपडे, दोऱ्या आणि सुट्या कुंड्या आदल्या रात्री आत घ्याव्यात. मुलांना गच्चीत पाठवू नये, पतंग उडवू नये. गाड्या भिंतीपासून ५ मीटर लांब लावाव्यात. फक्त फोटो काढले जातील, व्हिडिओ नाही. पायलटशेजारी स्क्रीनसमोर कमिटीचे एक पुरुष आणि एक महिला सभासद पूर्ण वेळ बसतील. ज्या फोटोत घराचा आतला भाग दिसेल तो त्यांच्यासमोर तिथेच पुसला जाईल. मेमरी कार्ड त्याच दिवशी सोसायटीच्या ताब्यात येईल. पोलीस परवानगी, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत ऑफिसात पाहायला ठेवली आहे. घरात आजारी व्यक्ती, बाळंतीण किंवा लहान बाळ असल्यास शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावं, त्या खिडकीची वेळ आपल्या सोयीने ठरवू."