दादाचं दुसरं वाक्य

नमस्कार. दादा रडत रडत जे बोलला ते प्रामाणिक होतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, "भावनेच्या भरात माणूस काहीही बरळतो, त्याला प्रामाणिकपणा म्हणू नका. रडून मन हलकं झालं, एवढंच. आणि घरातलं दुखणं असं चव्हाट्यावर कशाला?"

आधी बरळण्याचं. लेख न वाचलेल्यांसाठी: बाबा आयसीयूत होते, बारावा दिवस. रात्री मी आणि दादा ठाण्याच्या तलावपाळीवर भेळ घेऊन बसलो होतो. शेजारच्या गडकरी रंगायतनमधला नाटकाचा प्रयोग नुकताच सुटलेला, नुसते हॉर्न. दादा एकदम रडायला लागला. म्हणाला, "आता सुटू देत बाबा. मलाही सुटायचंय."

भांडणात माणूस बरळतो, मान्य. "तू माझ्यासाठी कधी काही केलंस?" याचा हिशेब मांडायला बसलं तर तो जुळत नाही. पण तिथे वार समोरच्यावर असतो. दादाच्या दुसऱ्या वाक्याने कमीपणा येत होता तो त्याला स्वतःलाच. असं कोण उगाच बोलतं? सकाळी आत्या आली, तेव्हा हाच दादा म्हणाला, "कितीही दिवस लागू देत, आम्ही आहोत." डोळे कोरडे, आवाज ठाम. तुमच्या हिशेबाने खरं ते हे. खोटं नव्हतंच म्हणा, पण अर्धं होतं.

आता 'हलकं'. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा मानसशास्त्रातला 1986 सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं. मनावरचा जुना घाव आणि त्याबद्दल काय वाटतं, असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहून झाल्यावर हलकं नाही, उलट जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. यावरून माझं म्हणणं सिद्ध होतं असं नाही. पण त्या रात्री आम्हालाही हलकं वगैरे काही वाटलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात एकमेकांकडे बघवत नव्हतं.

चव्हाट्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. दादाला न विचारता लिहिलं. तुमची प्रतिक्रिया आल्यावर त्याला लेख पाठवला आणि काढून टाकू का विचारलं. तासाभराने फोन आला. "राहू दे. पण माझं रडणं लिहिलंस, आणि मी रडत असताना सगळी भेळ तू संपवलीस, ते कुठाय?"

लेखात ती ओळ आज घातली आहे.