सगळी देवळं सारखीच म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी इजिप्तच्या टूरची पीडीएफ टाकली. आठवड्यात संपूर्ण इजिप्त, रोज भारतीय जेवण, आणि खाली प्रश्न : कशी वाटते? त्यावर जाऊन आलेल्या एका काकांचं उत्तर आलं, "दोन देवळं बघितली की बास. पुढे सगळी सारखीच. त्यापेक्षा शॉपिंग मस्त आहे." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. ग्रुपवर वाद घालायचा नाही असं घरात ठरलंय, म्हणून इथे लिहितेय.

सारखीच? अहो काका, लक्झरजवळच्या कर्नाकच्या देवळातला खांबांचा मंडप आठवा. १३४ खांब, मधल्या रांगांतले बारा तर वीस मीटरहून उंच. त्याचा उत्तरेकडचा भाग पहिल्या सेटी राजाने कोरून घेतला. तिथली चित्रं दगडातून वर उठलेली, नाजूक. दक्षिणेकडे त्याच्या मुलाचं, दुसऱ्या रामसेसचं काम, तिथे रेषा दगडात खोल खणलेल्या. एकाच मंडपात बाप आणि लेक, मधोमध उभं राहून नुसती मान वळवायची. एडफूचं देऊळ त्यानंतर हजार वर्षांनी, इ.स.पू. २३७ मध्ये सुरू झालं, तेही ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांनी केलं. फिलीच्या देवळात चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख आहे, इ.स. ३९४ चा. आणि अबू सिंबेल तर मूळ जागी नाहीच! आस्वानच्या धरणाचं पाणी चढणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात अख्खं देऊळ कापून ६५ मीटर वर नेऊन परत जोडलंय. ज्यासाठी रात्री तीनला उठून, डब्यातला नाश्ता मांडीवर घेऊन वाळवंटातून बसने गेलात ना, तेच.

पण खरं सांगू? काकांवरचा राग इथपर्यंत टाइप करताना उतरला. त्यांना तसं वाटणारच, कारण टूरवाले दाखवतातच तसं. नाईलवरची क्रूझ एडफूला लागते, सगळ्या बोटींचे प्रवासी एकदम टांग्यांत, एकदम देवळात, गाईड हातात झेंडा धरून पुढे, "फोटो काढा, जेवणाला उशीर होतोय". संध्याकाळी कोम ओम्बो, मगरींच्या ममी बघून परत बोटीवर. तिसऱ्या दिवशी माणसाला ससाण्याच्या तोंडाचा देव होरस कोण आणि मगरीच्या तोंडाचा सोबेक कोण हे आठवत नाही. यात माणसाचा काय दोष?

आता माझं दुखणं. लक्झरला नदीच्या पश्चिमेला गेलो त्या दिवशी सकाळी राजांची दरी बघितली. तिकिटात तीन थडगी, तुतनखामूनचं वेगळं तिकीट. आत गाईडला समजावून सांगायची परवानगी नसते, सगळं बाहेर उन्हात ऐकून आत मुक्याने फिरायचं. तरी भरून आलं. छतापर्यंत रंग, ३००० वर्षांपूर्वीचे. (आपल्या अजिंठ्याच्या चित्रांना श्वासातल्या दमटपणाचा त्रास होतो तसाच यांनाही. तरी लोक आत घोळक्याने थांबून व्हिडिओ कॉल लावतात. असो.) मग हॅटशेप्सुट राणीचं देऊळ. मग मेमनॉनचे दोन पुतळे, बसमधून उतरा आणि चढा. आणि त्यानंतर अलाबास्टरचा, म्हणजे संगमरवरासारख्या मऊ दगडाच्या वस्तूंचा "कारखाना". तिथे पाऊण तासाच्या वर! बाहेर चार माणसं जमिनीवर बसून दगड घासल्याचं नाटक करतात, आत जास्वंदीचं सरबत देतात, फुलदाणीत दिवा लावून दाखवतात, आणि आपली माणसं लगेच घासाघीस करायला सरसावतात.

मी कंटाळून बाहेर पायरीवर बसले. गाईडही तिथेच चहा पीत होता. सहज विचारलं, "अहो, ही थडगी खोदली कोणी? ती माणसं राहायची कुठे?" त्याने चहा खाली ठेवला आणि हात करून दाखवलं. त्या टेकडीमागे. देर अल-मदिना. कारागिरांचं गाव. घरांची जोती अजून उभी आहेत. बसने दहा मिनिटं.

आणि मग तो माणूस बोलायला लागला. सकाळी ज्या तिसऱ्या रामसेसच्या थडग्यात आम्ही सेल्फी काढले, त्याच्याच राज्यात, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, या गावातल्या कारागिरांचं धान्य थकलं. पगार धान्यातच. भाकरीचा गहू आणि बिअरचं जव. तर त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले. उपाशी आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फेरोला म्हणजे राजाला कळवा. संप! जगातला लेखी नोंद असलेला सगळ्यात जुना संप. ही नोंद ज्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाच्या कागदावर आहे, तो आज इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्याच्याही आधीची, दुसऱ्या रामसेसच्या काळातली हजेरी सापडलीय दगडाच्या खापरीवर : अमका गैरहजर, विंचू चावला. तमका गैरहजर, बिअर गाळत होता. मी मोठ्याने हसले.

हेच लोक रिकाम्या वेळात स्वतःची थडगी रंगवायचे. सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये सापडलं. पिवळ्या भिंती, आणि त्यात तो आणि त्याची बायको परलोकात शेत नांगरताहेत, पीक काढताहेत. मी ते फक्त फोटोत बघितलंय. कारण मी टूर मॅनेजरला म्हटलं, चला ना, दहा मिनिटांवर आहे, तर उत्तर मिळालं, "मॅडम, प्रोग्राममध्ये नाही. वेळ कुठंय?" वेळ कुठंय! आत अजून बिलं फाडली जात होती.

हो, मान्य आहे, ग्रुप टूर नसती तर माझ्या सासूबाई त्या गुडघ्यांनिशी अबू सिंबेलला पोचल्याच नसत्या. आणि दुकानाच्या कमिशनवर गाईडचंही पोट आहे, हेही मला कळतं. मार्च २०२४ मध्ये एका दिवसात डॉलर एकतीस इजिप्शियन पौंडांवरून पन्नासाच्या आसपास गेला, त्यात पगारदार माणसाने करायचं काय? म्हणून त्या माणसावर माझा काडीचा राग नाही. उलट, त्याला एवढं सगळं येत होतं आणि त्याला विचारलं कोणी नव्हतं, याचंच वाईट वाटतं. दिवसभर त्याच्याकडून आम्ही काय ऐकलं? टॉयलेट डावीकडे, बस उजवीकडे, पाणी जपून वापरा.

चीड येते ती कार्यक्रम आखणाऱ्यांची. राजे दाखवायचे, राण्या दाखवायच्या, आणि ज्यांच्या हातून हे सगळं घडलं त्यांचं गाव गाळून तिथे दुकान घुसवायचं. आणि वर पीडीएफमध्ये लिहायचं, "इतिहासाच्या गर्भात". कसला गर्भ? पुणे-मुंबईची माणसं दोन-दोन वर्षं पैसे साठवून जातात हो, फुलदाण्यांसाठी नाही जात.

तर ज्यांनी पीडीएफ टाकली त्यांना माझं उत्तर : जा, नक्की जा. पण पैसे भरायच्या आधी टूरवाल्यांना लेखी विचारा, लक्झरच्या पश्चिम किनाऱ्याच्या दिवशी देर अल-मदिना आहे का? तिकीट वेगळं पडतं, ते आम्ही भरू म्हणावं. नसेल तर अलाबास्टर आणि पपायरसची दुकानं काढून तो वेळ द्या म्हणावं. काय उत्तर येतं ते इथे कमेंटमध्ये कळवा. आणि काका, तुम्हीही वाचत असाल तर सांगा, तुमच्या टूरला दाखवलं होतं का ते गाव?