सँडईलला चिखल नको, वाळूच हवी

सँडईल या छोट्या समुद्री माशावरच्या लेखातलं ‘सँडईल समुद्रतळाच्या गाळात लपतो, एका जागची मासेमारी बंद झाली की दुसरीकडचे येऊन ती जागा भरून काढतात,’ हे वाक्य पटलं नाही. गाळ त्याला चालतच नाही. बारीक चिखलात कल्ल्यांना श्वास घेणं अवघड, म्हणून त्याला भरड, स्वच्छ वाळू लागते. तरंगायला मदत करणारी शरीरातली हवेची पिशवी (वाताशय) नसल्याने पोहणं थांबवलं की तो बुडतो. रात्री आणि हिवाळ्याचा बराचसा काळ तो वाळूतच असतो. एकदा पिल्लू तळाशी स्थिरावलं की ते फार लांब जात नाही. मग भरून काढणार कोण? प्रवाहाबरोबर वाहत आलेल्या त्याच्या अळ्या, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली इवली पिल्लं, आली तर!

स्कॉटलंडच्या आयल ऑफ मे बेटावर पफिन या समुद्रपक्ष्याच्या चोचीत मी हे मासे आडवे लोंबताना पाहिलेत, आधी चंदेरी दोरेच वाटले. (आणि हो, नावात ईल असला तरी ही वाम नव्हे.) ब्रिटनने २०२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली, त्याचा उल्लेख तरी हवा होता.