दाढ, लाळ आणि शेववाले काका

दाढ किडू नये म्हणून तिच्या खाचा बुजवणारा लेप, म्हणजे सीलंट, लावताना सुई नसते, ड्रिल नसतं. अट एकच, दाढ कोरडी हवी. आणि नेमकं आत जायच्या तोंडावर माझ्या मुलीला रडवलं, ते शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी.

काकांच्या मांडीवर लसणी शेवेची पुडी. दातांच्या दवाखान्यात! पण इंदुरात शेवेला कुठेच मनाई नसते.

"किडली का दाढ?"

"नाही, किडू नये म्हणून आलोय."

"किडलीच नाही, तर आणलं कशाला भिया? दुधाची असेल, पडून जाईल."

मी हौसेने समजावलं. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पाडता, ही कायमची दाढ गुपचूप येते. म्हणूनच घरोघरी ती दुधाची समजली जाते. माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केस आत पोचत नाही. काकांनी मन लावून ऐकलं, शेवेचा बकाणा भरला आणि मुलीकडे वळले. "घाबरू नको हं बेटा, सुई अगदी बारीक असते."

झालं!

डॉक्टरांनी दाढ घासली, कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, फॉस्फोरिक आम्लाचं निळं जेल लावलं, धुतलं, हवेने वाळवलं. दाढ खडूसारखी पांढरी दिसली, म्हणजे सीलंटला धरायला खरखरीत झाली. तेवढ्यात हुंदका, जीभ, लाळ. लाळ लागलेल्या जागी सीलंट धरत नाही. आज बसल्यासारखं दिसतं आणि पुढे कधीतरी टवका उडतो. म्हणून पुन्हा आम्ल, पुन्हा धुणं, पुन्हा हवा. मग सीलंट ओतून बुडबुडे काढले, निळ्या दिव्याखाली २० सेकंद धरलं, टोकदार हत्याराने कडा चाचपल्या, चावा तपासला. वर मलाच ऐकवलं, "मुलीला जरा शांत करून आणायचं ना!"

मला! काकांना कोणी काही म्हणालं नाही. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत पोरांना जिलबी चारून ब्रश न करता झोपवतात, त्यांनाही कोणी काही म्हणत नाही. न किडलेल्या दाढेवर खर्च केला की मात्र चैन! बरं, दोन दातांमधल्या फटीला सीलंटचा उपयोग नाही, ब्रश काही सुटत नाही, आणि दर सहा महिन्यांनी टवका उडालाय का ते बघायला यायचंच.

बाहेर काका पुडी झटकत होते. "आवाज इथपर्यंत आला बरं का. सुई मोठी होती वाटतं?"

सुई नव्हतीच, म्हटलं. नुसता लेप, खाचा बुजवणारा.

"अस्सं! मग माझ्या कवळीला लावून देतील का?"