बेला व्हायचंय? आधी धडपडायला शीक

प्रेमकथेची नायिका व्हायची हौस असेल, तर स्टेफनी मेयरच्या 'ट्वायलाइट' या कादंबरीमालिकेतल्या बेला स्वानचा कित्ता गिरव. पहिली पायरी: सपाट जमिनीवरही धडपडता आलं पाहिजे. पडल्याशिवाय सावरणारा येणार कसा? छंद, महत्त्वाकांक्षा असलं ओझं ठेवू नकोस. स्वयंपाक मात्र हवा. बेलाचे वडील फोर्क्स गावचे पोलीस प्रमुख, इतकी वर्षं एकटे राहूनही उपाशी मेले नव्हते; पण लेक फिनिक्सहून राहायला आली आणि आल्या आल्या तिनं ओटा ताब्यात घेतला. संस्कारी मुलींचा मक्ता आपल्याकडेच आहे असं उगाच मिरवतो आपण.

आता मुलगा. वय विचारू नये. बेलाचा नायक एडवर्ड, जन्म १९०१चा. १९१८च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारा अमर जीव, झाला आणि अजून शाळेतच जातोय. शंभरी गाठलेल्या माणसानं सतरा वर्षांच्या पोरीशी बोलायचं तरी काय? काळजी नको. तिच्या रक्ताचा वास त्याला वेड लावतो, तेवढा विषय पुरतो. तो रात्री चोरून खोलीत येतो आणि तुला झोपलेली न्याहाळत बसतो, हे कळलं तर किंचाळायचं नाही. झोपेत आपण काय बरळलो असू, याची काळजी करायची. बेलानं तेच केलं.

तू दुसऱ्या मित्राला भेटायला निघालीस आणि त्यानं तुझ्या गाडीचं इंजिनच बंद पाडलं, तर समज की काळजी करतोय. तुला घरात डांबून ठेवण्यासाठी त्यानं बहिणीला पोर्शे गाडी लाच दिली, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. (पोर्शे पिवळीच आहे.) तो दुसरा मित्र, जेकब, जबरदस्तीनं चुंबन घेईल. ठोसा मार हवा तर. बेलानं मारला, हात तिचाच मोडला, आणि पोलीस बापानं शाबासकी दिली ती जेकबला.

नायक सोडून गेला, तर तू उरायचं कारण नाही. बेलाच्या गोष्टीत तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं येतात, बाकी पानं कोरी. मग जिवावरचे खेळ कर, कड्यावरून समुद्रात उडी मार. कारण जीव धोक्यात असला की त्याचा रागावलेला आवाज कानात येतो.

शाळा संपली की लग्न. मधुचंद्राच्या सकाळी अंगभर काळेनिळे वळ दिसतील. बिचारा अपराधी चेहरा करून बसलेला असेल. त्याची समजूत तू काढायचीस. मला काही झालं नाही, मी खूप खूश आहे, असं म्हणायचं. अगदी हेच वाक्य कुठल्याही गावातल्या डॉक्टरांनी ऐकलेलं असतं, पण तिथं पार्श्वभूमीला ब्राझीलचं खासगी बेट नसतं.

बेला सगळ्यांना ठामपणे 'नाही' म्हणते ती गरोदरपणात: पोटातलं बाळ बरगड्या मोडतंय तरी वाढवणारच. मग पाठीचा कणा मोडतो, नवरा दातांनी पोट फाडतो, ती व्हॅम्पायर होते आणि काय आश्चर्य, धडपडायचीच थांबते! ताकद, डौल, देखणेपण, सगळं लाभतं. फक्त आधी आई होऊन मरावं लागतं. नाकारलेल्या जेकबचीही सोय लागते, नवजात मुलगी त्याच्यासाठी कायमची राखीव.

टीका झाली तेव्हा मेयरबाईंचं म्हणणं पडलं की बेला संकटातली अबला नाही, संकटातली माणूस आहे. ते पटवायला २०१५ साली त्यांनी हीच गोष्ट उलटी लिहिली: मुलगा साधा माणूस, मुलगी व्हॅम्पायर. तोही धडपडतो, तोही स्वयंपाक करतो. पण त्याला ना लग्न करावं लागलं, ना वळ झाकावे लागले, ना बाळंतपण. एकाच पुस्तकात अमर झाला. तुला मात्र चार खंड लागतील, तेव्हा आत्तापासूनच सुरुवात कर.