माझ्या डब्याची व्युत्पत्ती

लीड्सच्या कचेरीत रुजू झालो त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझ्या डब्यातली चकली उचलून विचारले, "एक कॅज करू का?" चकली तोंडात गेल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तराची गरज नसते, पण शब्द नवा होता. उसने आणि भीक यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात तो राहतो, असे पुढे कळले. उसने परत करावे लागते, भीक मागताना ओशाळावे लागते. कॅज करणाऱ्याला दोन्ही माफ. सिगारेट, पेन, घरापर्यंतची लिफ्ट, सारे तिथे असेच उकळले जाते.

चौथ्या चकलीला गृहस्थांनी या शब्दाचे राजेशाही कूळ सांगितले: शिकारी ससाणे ज्या लाकडी चौकटीवर बसवून नेत तिला कॅज म्हणत, आणि ती वाहणारे म्हातारे सेवक बक्षिशी मागत, म्हणून हा शब्द. अशी चौकट होती हे खरे. पण हे नाव १७व्या शतकातले, आणि 'कॅजर' त्याच्या शतकभर आधीपासून स्कॉटलंडमध्ये नांदत होता. घोड्यावर टोपल्या लादून खेड्यातली अंडी आणि लोणी शहरात पोचवणारा तो फिरता व्यापारी. लोकांनी या फिरस्त्याला हळूहळू भिकाऱ्यांच्या पंगतीत बसवले आणि १९व्या शतकाच्या आरंभी त्याच्या नावातून 'मागून घेणे' हे क्रियापद निघाले, असा कोशकारांचा कयास आहे.

स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिन गावचा १५व्या शतकातला कवी रॉबर्ट हेन्रीसन याच्या एका नीतिकथेत असाच कॅजर हेरिंग मासे घेऊन निघतो. कोल्हा वाटेत मेल्याचे सोंग घेऊन पडतो, कॅजर कातड्याच्या लोभाने त्याला उचलून टोपल्यांवर टाकतो, आणि कोल्हा मागच्या मागे एकेक मासा रस्त्यावर भिरकावत जातो. हे वाचले आणि आमच्या दोघांतला मूळ अर्थाचा कॅजर कोण, याविषयी शंका उरली नाही: पहाटे उठून, डबा छातीशी धरून, दोन बस बदलून माल पोचवत होतो तो मी.

गृहस्थांना मी ही कथा ऐकवली.

"पुढे?" डब्याच्या तळाशी बोटे फिरवत त्यांनी विचारले.

पुढे लांडगा तीच युक्ती करायला जातो आणि कॅजर त्याला काठीने बडवून काढतो, असे मी शक्य तितक्या सौम्य आवाजात सांगितले.

"छान आहे," ते म्हणाले. "पुस्तक दोन दिवस कॅज करू का?"